जयवंतीची बाटली

"घ्या मामी. आता तर मशीनचं आहे." केदारने गिलास पुढे केला.

जयवंतीने गिलासाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पाण्याच्या मशीनकडे पाहिलं. पांढरं, नवंकोरं, पोटात निळा दिवा. सुक्या बोंबलांची रिकामी टोपली तिने दाराशी टेकवली आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. बोईसरच्या बाजारात घेतलेली, उन्हाने कोमट झालेली. सील तोडून ती दोन घोट प्याली.

"वास येतो तुमच्या पान्याला."

"हुंगलंत तरी कुठे?"

"लांबून येतो."

केदारने गिलास ओट्यावर ठेवला आणि खाली बसला. रात्रपाळी करून आला होता, डोळे चुरचुरत होते. या सासूसाठी त्याने काय केलं नव्हतं! आधी साधा नळ होता. तेव्हा म्हणाली, कारखान्यांच्या गावचं पाणी, माझ्या तोंडाला नको. त्याने मोठे जार लावले. तर म्हणाली, जार कुठल्या नळावर भरतात ते आमाला ठाव हाय. आता त्याने हे मशीन बसवलं. बसवायला आलेल्या माणसाने पाण्यात मीटर बुडवून आकडा दाखवला होता. "बोतल से अच्छा पानी है, साहब." आणि ही बाई तापलेली बाटली घेऊन येते.

अख्ख्या सरावलीत तिचं नाव झालं होतं. शेजारच्या बायका तिला बाटलीवाली म्हणत आणि पदराआड हसत. दातिवऱ्याला विहिरीचं मचूळ पाणी हंड्याने पिते, आणि लेकीच्या घरी हिला सीलबंद लागतं. किती तो तोरा!

"गरम तरी पिऊ नका," केदार उठत म्हणाला. "खालून गार बाटली आणतो."

तो गेला. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरून संपेपर्यंत जयवंती उभी राहिली. मग आत गेली.

दीपाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. कालच मुंबईच्या दवाखान्यातून आली होती. याही वेळेला मूल राहिलं नव्हतं.

पाण्याची खरी गोष्ट या दोघींनाच माहीत होती. जयवंतीच्या माहेरी-सासरी एकच रीत. लेकीला मूल झाल्याशिवाय आईने तिच्या घरचं पाणी तोंडाला लावायचं नाही. तिच्या आईने लावलं नव्हतं, आजीने लावलं नव्हतं. पण त्यांची वर्षा-दीड वर्षात सुटका झाली. जयवंतीला नऊ वर्षं झाली. केदारकडे हे कुणी पाळत नव्हतं, त्याला ठाऊकही नव्हतं. त्याला सांगायचं तर लेकीच्या रिकाम्या कुशीवर बोट ठेवायला हवं. म्हणून जयवंतीने पाण्यावर बोट ठेवलं. लोकांनी शिष्ट म्हटलं, म्हणू दे. तेवढं सोसायला तिची पाठ घट्ट होती.

आज मात्र तीच पाठ दुखत होती. ती लेकीजवळ बसली. दीपालीच्या दंडावर सुयांचे डाग होते. काही निळे, काही जुने होऊन पिवळे पडलेले.

"डाक्टर काय म्हनला?"

"शरीराला आराम द्या म्हणाले. थांबलात तरी चालेल म्हणाले."

"मग?"

"मी पुढल्या महिन्याची तारीख घेतली."

"जावयाला पायजे?"

"तो तर हात जोडतो, नको म्हणतो. आपण दोघं बरे आहोत म्हणतो."

"मग कुनासाटी मरतेस गं?"

दीपालीने तोंड वळवलं नाही. भिंतीलाच सांगितलं, "तू एकदा माझ्या घरचं पाणी प्यावंस म्हणून."

बाजारात एका शब्दाला चार शब्द फेकणारी जयवंती उठली. गुडघे कुरकुरले. ओट्यावर केदारने ठेवलेला गिलास तसाच होता. तो घेऊन ती आत आली आणि लेकीच्या उशाशी उभी राहून प्यायला लागली. घटाघटा, थेंब न ठेवता.

आवाजाने दीपाली वळली. ताडकन उठून बसली.

"आये! हे काय केलंस? अगं, अजून मूल कुठं झालंय?"

"माजं झालंय," जयवंती म्हणाली. "सुया टोचून टोचून माज्या त्या लेकराची चाळन केलीस, तेवडी बास."

दीपालीने तिचा हात धरला, गिलासासकट. बाहेरच्या खोलीत मशीन मधूनच घुरघुरलं आणि गप्प झालं.

जिन्यावर चपला वाजल्या. केदार दारात आला. हातातल्या गार बाटलीवरून पाणी ओघळत होतं. सासूच्या हातातला रिकामा गिलास त्याने पाहिला.

"मामी, घरचं प्यालात?"

"प्याले."

"मग? येतो का वास?"

"नाय. चांगला हाय तुमचा फिल्टर."

"मी म्हणत होतो ना!" नऊ वर्षांत पहिल्यांदा जिंकल्यासारखा तो हसला.

"ती बाटली दुकानात परत देऊन या, जावयबापू. आता लागायची नाय."

दीपाली पलंगावरून उतरली. आईच्या हातातला गिलास घेऊन तिने मशीनखाली धरला.

"आणि पुढल्या महिन्याची तारीखही," ती म्हणाली.