ओल्या पॉलिशवरचा ठसा

"कुणी लावला हात? खरं सांगा, कुणी लावला?"

सुनेचा आवाज खालच्या कारखान्यातून निघाला तो जिना चढून थेट वर घरात घुसला. नवरा चहाचा कप हातात घेऊनच धावत खाली आला. त्याच्यामागून डोळे चोळत सासूबाई. टेबल दिव्याखाली लखलखत होतं, आणि त्या लखलखाटाच्या बरोब्बर मधोमध एक निस्तेज डाग होता. ओल्या पॉलिशवर कुणीतरी हात टेकवला होता.

उद्या सकाळी गिऱ्हाईक टेबल न्यायला येणार होतं, आणि हे काही साधंसुधं टेबल नव्हतं. सासरे पिढीजात सुतार. शिडीवरून पडले आणि वरच्या खोलीत अंथरुणाला खिळले. हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण म्हाताऱ्याने धीरच सोडला. "माझं चालणं संपलं. कारखान्याला कुलूप लावा," असा हुकूम सुटला. सुनेने पदर खोचला. "बाबा, एक टेबल मला करू द्या. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, तर मी स्वतः कुलूप लावते."

मग काय विचारता! म्हातारबुवा पडले होते आडवे, पण तोंड काही आडवं पडलं नव्हतं. कारखान्यावरच्या खिडकीतून दिवसभर सूचना यायच्या. "सरस लावायच्या आधी सगळं कोरडंच जोडून बघ!" "दोन्ही कर्ण मोज, सारखे भरले तरच चौकट काटकोनात!" "बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पूस, नाहीतर तिथे पॉलिश धरणार नाही!" "लाकडाच्या रेषेनं घास गं, आडवं घासशील तर ओरखडे जन्मभर दिसतील!" सुनेने मनातल्या मनात चरफडत सगळं ऐकलं. आणि टेबल असं उतरलं की तिचं तिलाच खरं वाटेना. दुपारी पॉलिशचा शेवटचा थर देऊन ती पायांखाली लावायचे रबर आणायला बाजारात गेली, तेवढ्यात हा घात.

"मी आत्ता येतोय कामावरून," नवरा म्हणाला. कप या हातातून त्या हातात घेत, शाळेत नखं दाखवावीत तसे त्याने दोन्ही तळवे पुढे केले.

"माझ्याकडे काय बघतेस? मी झोपले होते," सासूबाई म्हणाल्या. पण तळवे त्यांनीही दाखवले.

सुनेचे डोळे भरून आले. आता पुन्हा घासायचं, पुन्हा थर द्यायचा, तो वाळायचा कधी आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं काय? तिने पॉलिशपेपर उचलला.

"घासू नकोस!" वरून आवाज आला. "आधी उजेड तिरपा धरून बघ, किती खोल गेलंय ते. डोक्यावरच्या दिव्यात काय दिसणार, कपाळ?"

सल्ला दिल्याशिवाय म्हाताऱ्याला राहवायचं नाही. सुनेने टॉर्च घेतला आणि टेबलाच्या कडेला टेकवून तिरपा धरला. डाग एकदम उठून दिसला. अख्खा पंजा होता. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, आणि मग अर्ध्यातच संपलेलं मधलं बोट.

तिच्या हातातून पॉलिशपेपर गळून पडला. करवतीने मधलं बोट अर्धं नेलेला हात या घरात एकच होता.

"अगं बाई!" सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या आणि लगेच उठल्याही. नवऱ्याचा चहा शर्टावर सांडला, त्याचं त्याला भान नव्हतं. सून तोवर जिन्यावर पोचली होती. हसू आवरत नव्हतं, रडूही आवरत नव्हतं. टेबल गेलं खड्ड्यात!

वर म्हातारबुवा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. वर घोरणंही लावलं होतं. तिघं दारात उभी राहिली. जरा वेळाने घोरणं थांबलं.

"बघताय काय नुसते?" ते भिंतीवरच गुरगुरले. "जिन्याचा कठडा हलतोय. आधी तो पक्का करा. रोज खाली यायचं, तर हाताला धरायला काही नको का?"