बांधावरचं ध्यान

“उद्याच्या उद्या चुना मारा त्या भिंतीवर!” जिव्या ग्रामसभेत उभा राहून ओरडला. “गावाची अब्रू वेशीला टांगलीय हिनं.”

भिंत सायवन गावच्या समाजमंदिराची होती. गावातल्याच हिरूने तिच्यावर गेरू सारवून पांढऱ्या रंगाने भाताची लावणी काढली होती. चिखलात वाकलेली रांग, आणि एकच कुणीतरी बांधावर बसून मोबाइलमध्ये डोकं घातलेलं. शेजारच्या चित्रात भाकरीची टोपली आलेली, आणि तेच मोबाइलवालं ध्यान सगळ्यांच्या पुढे! वारली चित्रात चेहरे काढत नाहीत, त्यामुळे कुणाला त्यात कोण दिसेल याचा नेम नव्हता.

हिरू पदराचं टोक पिळत बसली होती. आजवर तिने डहाणूच्या रिसॉर्टवाल्यांना हवं ते रंगवलं होतं. नाच काढा, मोर काढा, पुन्हा नाच काढा. मनातलं काढायला मिळालेली ही पहिलीच भिंत. समाजमंदिराच्या उरलेल्या भिंतीही तिलाच द्यायचं ठरत होतं. ही पुसली गेली की त्याही गेल्याच.

पाड्यावर लावणी एकमेकांच्या शेतात जाऊन करतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. त्यात अंग चोरलं की वर्षभर बोलणी खावी लागतात. फुकटचं नेट आल्यापासून मात्र बांधावर जरा जास्तच गर्दी दिसायची.

“ज्याचं चित्र असेल त्याने सांगावं,” सरपंच निर्मलाताई म्हणाल्या. “त्याची हरकत असेल तर चुना मारू.”

“माझंच आहे!” जिव्या म्हणाला. “पण त्या दिवशी माझा गुडघा धरला होता. मोबाइल आपला दुखणं विसरायला.”

“तुझं कशाला? माझं आहे ते,” मागून प्रवीण उठला. “मी मोबाइलात पाऊस बघत होतो. गावासाठीच ना?”

“वर मान केली असतीस तरी दिसला असता की!” कुणीतरी म्हणालं.

हिरूने तोंड उघडलं. “अहो, पण ऐका तरी...”

“तू गप, हिरूबाय!” चैत्या उसळला. “मला बायकोचा फोन आला होता. आता बायकोचा फोनपण उचलायचा नाही?”

“मी तर तुमच्या समोर लावणी करत होते,” त्याची बायको सोमी बसल्या जागेवरून म्हणाली.

सभा खो खो हसली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! बायका तर सभा सुरू झाल्यापासूनच तोंडाला पदर लावून हसत होत्या. चैत्याला वाटलं, आपल्यालाच हसतात. प्रवीणलाही तसंच वाटलं.

निर्मलाताईंनी कसंबसं हसू आवरलं. “एक चित्र आणि तीन धनी! हिरू, घाबरू नकोस. खरं काय ते सांग. यांच्यातला कोण?”

तिघांनीही माना पुढे काढल्या. हिरू उठली. लाजेने तिचे कान लाल झाले होते, पण आवाज पक्का होता.

“कुणीच नाही, ताई. बाप्याच्या डोक्यावर मी कधी असा अंबाडा काढलाय का? लावणी सोडून बांधावर यांचे फोटो काढत बसलेली ती मीच.”