वर्षाचा समुद्र

बोरी अरब गावातल्या माझ्या फोटो स्टुडिओत बसून आमची याडी, म्हणजे आई, प्रत्येक गिऱ्हाइकाला धाकट्या लेकीचं कौतुक ऐकवते. “माह्या वर्षानं उपग्रहातून समुद्राचा फोटो काढला! ढग पाहा, पाण्यावरचं ऊन पाहा!” मी गावभराची लग्नं टिपली, पण माझा एकही फोटो तिनं कुणाला दाखवला नाही. वर्षाचा मात्र माझ्याच भिंतीवर लावायचा हुकूम झाला. लावला, मुद्दाम उलटा. तरी सगळे वाहवा करत राहिले. दिवाळीला वर्षा तिच्या उपग्रह केंद्रातल्या नोकरीवरून सुट्टीत आली आणि थेट फोटोसमोर थांबली. स्टुडिओ माणसांनी भरलेला. आता सगळ्यांची फजिती होणार! मला दम निघेना. “उलटा लागला का वं?” मीच विचारलं. वर्षा हसली. “ताई, वरून काढलेल्या फोटोले कायची उलटी बाजू? कसाही लाव, समुद्रच दिसते.” याडीचा चेहरा उजळला आणि ती माझ्याकडे वळली. “पाह्यलं? किती हुशार हाये माही पोरगी! पुष्पे, चहा मांड तिच्यासाठी.”