तिळातलं पाखरू

सोजराचा नवरा दत्तोबा पेशव्यांच्या स्वारीवर गेला आणि नारायण पेठेतल्या घरात, खुंटीवरच्या त्याच्या अंगरख्यावर पतंगाच्या जातीचं एक मोठं केसाळ पाखरू येऊन बसू लागलं. पाठीवर पिवळट डाग, थेट माणसाच्या तोंडासारखा. सोजरानं बोट लावलं, तर उंदरासारखं चिरकलं.

"कोथरूडच्या तिळाच्या रानातलं हाय ते," सासू म्हणाली. "दिवसा निजतं, रातच्याला मध चोरतं. बोट लावू नगंस, म्हंजी वरडायचं न्हाई."

अखेर दत्तोबा धडधाकट परतला. सोजराचा जीव भांड्यात पडला. खुंटीकडं तिनं पाहिलंही नाही. त्याला न्हाणीत बसवून ती पाठीला तेल लावू लागली. बोट टेकताच दत्तोबा चिरकला. बारीक, अगदी तसाच.

सोजरानं बोट उचललं. मग नुसत्या तळहातानं, हलकेच, तेल चोळत राहिली. घरी तर आला होता.