सात पंचवीसची बस

"गेली तुमची बस," लॉरेलमावशी म्हणाली. बरं वाटलं ते तिने लपवलंसुद्धा नाही.

सात चाळीस झाले होते. रानाच्या मोठ्या फाटकाशी तिन्ही पोरं दप्तरं पाठीला लावून उभी होती. ब्रिडी बारा वर्षांची, डार्सी आठ, टेस पाच. आई जाऊन दहा महिने झाले. बाप पहाटेच मेंढरांच्या पाण्यामागे निघायचा, त्यामुळे सकाळ सगळी ब्रिडीची. टेसच्या वेण्या, डार्सीचे हरवलेले मोजे, तिघांचे डबे. मग जुनी पिकअप काढायची, पाय पोचावेत म्हणून पाठीशी उशी घ्यायची, आणि घरापासून फाटकापर्यंत सात किलोमीटर हाकायची. स्वतःच्या रानात गाडी काय, त्या मेंढरांच्या मुलखातली सगळीच पोरं चालवतात. त्यात काही मोठेपणा नाही. पाच वर्षांच्या पोरीच्या पायात रोज सकाळी बूट घालून दाखवा, मग बोला.

दहा महिन्यांत त्यांची बस एकदाही चुकली नव्हती. एकदाही वाट बघावी लागली नव्हती. ब्रिडी फाटकाशी गाडी लावायची, आणि निलगिरीच्या वळणावरून बस येताना दिसायची.

ॲडलेड शहरातली लॉरेलमावशी तीन दिवसांपूर्वी आली ती अट घेऊनच. "पोर पोरांना वाढवतेय, हे काय घर झालं? बस एकदा जरी चुकली, तर धाकटी दोघं माझ्याकडे." बापाने मान डोलावली. दहा महिने तो माणूस नुसती मानच डोलावत होता.

आज मावशी जातीने गाडीत बसली होती. शेजारी बसेल त्याने वाटेतली फाटकं उघडायची, हा तिथला कायदा. रात्री पावसाची चांगली सर येऊन गेलेली. तीन फाटकं उघडेपर्यंत मावशीचे शहरी बूट चिखलाने दुप्पट झाले. तरीही सगळे सात वीसला पोचले होते. पाच मिनिटं आधी. आणि बस नव्हती.

"आपण यायच्या आधीच गेली," मावशी म्हणाली.

"नाही गेली."

"तू पाहिलंस?"

"रस्ता बघ ना, मावशी. रात्रीपासून ओला आहे. एवढी मोठी बस काय उडत गेली?"

रस्त्यावर एकाही चाकाचा माग नव्हता. मावशीने पाहिलं, आणि लगेच दुसरी वाट धरली. शहाण्या माणसाला नेहमीच दुसरी वाट सापडते. "मग ड्रायव्हर घोरत पडला असेल. आली नाही म्हणजे चुकलीच. असल्या बसच्या भरवशावर मी माझ्या बहिणीची पोरं ठेवायची? चला घरी. दोघांच्या बॅगा भरते."

टेसने ब्रिडीची बाही घट्ट धरली. ब्रिडीने बाहीसकट टेसला घेतलं, आणि वळणाच्या दिशेने चालू लागली. डार्सी मागोमाग.

"अगं, निघालीस कुठे?"

"बस आणायला."

वळणावरची निलगिरीची रांग ओलांडली, आणि पलीकडे रस्त्याच्या कडेला बस उभी. इंजिन बंद. आत नऊ पोरं. कुणी पाव खातंय, कुणी दुसऱ्याची गणितं उतरवून घेतंय. मर्व ड्रायव्हर, पोट सुटलेला, साठीचा, पुढच्या बंपरवर चढून बसचा बाजूचा आरसा धरून उभा होता. कपाळावर हात आडवा धरून झाडांच्या शेंड्यांवरून पोरांच्या रानाच्या बाजूचं आभाळ बघत होता.

"मर्वकाका!"

मर्व पडता पडता वाचला. "आं? तुम्ही पोचलात?"

"सात वीसला," ब्रिडी ताडकन म्हणाली. "पाच मिनिटं आधी."

मावशी धापा टाकत आली. "पोरं तिकडे ताटकळताहेत आणि तुम्ही इथे हवा खाताय?"

मर्वने हॅट काढली. खिडकीतून एका मुलीने डोकं बाहेर काढलं. "हवा नाही खात तो. रोजच थांबतो इथे. ब्रिडीच्या गाडीची धूळ उठली की मग बस काढतो."

"रोज?" मावशीने विचारलं.

"यांची आई गेली तेव्हापासून. शाळेला उशीर नको म्हणून आम्ही सगळे दहा मिनिटं आधी उठतो."

"मीपण," मागून एक आवाज कुरकुरला. "थंडीतसुद्धा."

"आज धूळ उठलीच नाही, बाई," मर्व म्हणाला. "पावसाने बसवली. मला वाटलं, धाकटीने पुन्हा बूट फेकले असतील. म्हटलं, घेऊ दे वेळ."

"मग फाटकाशी येऊन थांबावं माणसाने!"

"तिथे थांबलो तर उशीर झाल्याचं पोरीला कळेल. मग ती आणखी लवकर उठेल." त्याने हॅट हातात फिरवली. "आताच पावणेपाचला दिवा लागतो तिचा. माझ्या घरातून दिसतो."

ब्रिडीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने मान मात्र खाली घातली नाही. पाच मिनिटं आधी आली होती ती आज.

मावशीने ती नऊ तोंडं एकेक करून पाहिली. शेवटी डार्सीलाच राहवेना. "मावशी," त्याने भीत भीत विचारलं, "मग आज चुकली धरायची का?"

मावशीने वाकून टेसला उचललं आणि बसच्या पायरीवर उभं केलं.

"चढा मुकाट्याने," ती म्हणाली. "ही बस तुम्हाला जन्मात चुकायची नाही."