जाड ऑइल

बहिणीचं लग्न झालं, त्या वर्षी कुठल्याशा शब्दावरून दोघा भावांनी अबोला धरला. आधी बोलेल तो हरला, असं दोघांच्याही मनात होतं. उन्हाळ्यात धाकटा वडिलांच्या जुन्या मोटारसायकलसाठी इंजिन ऑइल घ्यायला गेला, तर दुकानात थोरला उभा. धाकट्याने कारचं भारीतलं पातळ ऑइल उचललं. थोरला दुकानदाराला म्हणाला, “साहेबांना सांगा, ते इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. या ऑइलचं उन्हात पाणी होईल, क्लच घसरेल.” धाकटाही दुकानदाराकडेच बघत म्हणाला, “त्यांना सांगा, गाडी मी चालवतो.” दुकानदार वैतागला. “मी काय पोस्टमन आहे? आपसात बोला की!” धाकट्याला हसू फुटलं. “बरं दादा, कुठलं घेऊ?” थोरल्याने फळीवरून मोटारसायकलचं जाड ऑइल काढलं. “हे घे. आणि थांब, मीच ओततो. तू निम्मं सांडशील.” थोरला त्याच वर्षी हिवाळ्यात वारला.