पाय बेसवर होता

"पाय बेसवर होता तिचा! डोळे फुटलेत का तुमचे?" असं ओरडत भाऊ अम्पायरच्या अंगावर धावून गेला. दोघांनी त्याला शर्टाला धरून मागे ओढलं. सॉफ्टबॉलच्या मैदानात, सेकंड बेसच्या चौकोनी गादीजवळ त्याची धाकटी बहीण आडवी पडली होती आणि मैदानावरच्या अँब्युलन्समधली नर्स तिच्यावर वाकली होती. टोलवलेला बॉल उसळून हेल्मेटच्या खाली, थेट गळ्यावर बसला होता.

"बॉल रनरला लागला की रनर आऊट," अम्पायर म्हणाला. "आधी बहिणीकडे बघ रे."

"बेसवर असताना लागला तर आऊट नसते! नियम मला शिकवता?"

"बेसवर होती कशावरून?"

"कशावरून काय! बॉल तिला येताना दिसला होता. एक पाऊल सरकली असती तरी चुकला असता. पण तिनं खाली पायाकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली. का माहितीये? महिनाभर मीच घोकून घेतलंय तिच्याकडून. काय वाट्टेल ते होऊ दे, बेस सोडायचा नाही म्हणून!"

शर्ट धरलेले हात आपोआप सुटले. अम्पायरनं तोंडावरचा मास्क काढला.

"बरोबर आहे तुझं," तो हळूच म्हणाला. "नॉट आऊट."

जिंकलेला भाऊ तसाच उभा राहिला. तिकडे स्ट्रेचर उचललं गेलं. नर्स अजून बहिणीची छाती दाबत होती.

"घरचं कोण आहे हिच्या?" अँब्युलन्सचा ड्रायव्हर ओरडला.

"मी," भाऊ म्हणाला. "मीच आहे. वाट सोडा, मला जायचंय तिच्याबरोबर."